रूळ गेले, रेषा राहिली

बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची पाहणी करायला गेले की मी आधी पाणी शोधते. रूळ निघून पन्नास-साठ वर्षं झालेली असतात. भरावावर बर्चची झाडं माजलेली असतात, कटिंगच्या दोन्ही बाजूंची गटारं पालापाचोळ्यानं बुजलेली असतात आणि नकाशात सरळ दिसणारी लाइन जागेवर काटेरी जाळीत शिरून दिसेनाशी होते. अशा वेळी गमबूट घालून भरावाच्या पायथ्याशी उतरायचं आणि मोरी शोधायची. दीडशे वर्षांपूर्वीची दगडी मोरी वाहती असेल तर वरचा भराव बहुधा ठणठणीत निघतो. ती तुंबली असेल तर पाणी भरावात मुरतं, त्याची एक बाजू फुगते आणि एखाद्या ओल्या हिवाळ्यात ती खालच्या शेतात उतरते. त्या लाइनीवर वाट करायला किती पैसा आणि किती वेळ लागेल, याचा पहिला अंदाज मोरीच्या तोंडाशी उभं राहूनच येतो.

मी मूळची बार्शीची, शिक्षणानं सिव्हिल इंजिनिअर. इंग्लंडच्या मध्यभागी, डर्बीशर आणि स्टॅफर्डशरच्या डोंगराळ मुलुखात, जुन्या रेल्वेमार्गांवर चालणाऱ्यांसाठी, सायकलींसाठी आणि घोडेस्वारांसाठी वाटा करण्यात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली. या कामानं एक गोष्ट मला पक्की शिकवली. रेल्वेमार्गात सगळ्यात मोलाचं असतं ते त्याचं सलगपण. रूळ पुन्हा टाकता येतात, पूल पुन्हा बांधता येतो. पण कित्येक किलोमीटर लांब आणि काही मीटर रुंद अशी अखंड पट्टी एकदा तुटली, की ती जुळवायला एक पिढी पुरत नाही.

इंग्लंडमध्ये ही पट्टी जाणूनबुजून तोडली गेली. एकोणिसाव्या शतकात खासगी कंपन्यांनी एकमेकींवर कुरघोडी करत शेजारशेजारी लाइनी टाकल्या. पहिल्या महायुद्धानंतर बस आणि लॉऱ्या वाढल्या, तशा खेड्यापाड्यांतल्या शाखा तोट्यात गेल्या. काही तेव्हाच बंद पडल्या. मग १९६३ च्या मार्चमध्ये ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल आला. सुमारे ५,००० मैल मार्ग आणि २,३६३ स्थानकं बंद करावीत, असं त्यात सुचवलं होतं. सगळ्या शिफारशी अमलात आल्या नाहीत, पण पुढच्या दहा वर्षांत हजारो मैलांवरची वाहतूक थांबली. रूळ आणि लोखंडी गर्डर भंगारात गेले. जमीन तुकड्यातुकड्यानं विकली गेली. शेताला लागून असलेला भाग शेतकऱ्यानं घेतला, गावालगतच्या भागावर घरं उठली, खोल कटिंगं कचऱ्यानं भरली गेली. एका हातातली मालमत्ता शेकडो हातांत गेली. आमच्या कामातला सगळ्यात कष्टाचा भाग त्या विक्रीतून आला आहे.

एवढं करून ती पट्टी वाचवायची कशासाठी, असं मला लोक विचारतात. त्याचं उत्तर चढात आहे. वाफेचं इंजिन ताकदवान खरं, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर चढ लागला की सरकतं. म्हणून जुन्या इंजिनिअरांनी टेकड्या कापल्या, दऱ्या भरल्या, बोगदे पाडले आणि मार्ग जवळजवळ सपाट ठेवला. शंभर फुटांत एक फूट चढ म्हणजे रेल्वेच्या हिशेबानं कडक चढ. आपल्या भोर घाटात तो ३७ फुटांत एक फूट आहे आणि तिथं गाडीला मागून ढकलायला आजही बँकर इंजिनं लावतात. आता हाच हिशेब माणसाच्या बाजूनं मांडून बघा. चाकाच्या खुर्चीसाठी इमारतीपुढे उतार करताना २० फुटांत एक फूट सोईचा धरतात. म्हणजे ज्या चढावर इंजिन धापा टाकतं, तो म्हाताऱ्या माणसाला जाणवतही नाही. इंजिनाच्या उणिवेपायी हजारो मजुरांनी फावड्यांनी आणि सुरुंगाच्या दारूनं डोंगरात जी सपाटी खोदून ठेवली, ती आज कमजोर गुडघ्यांच्या, लहान पायांच्या आणि चाकावरच्या माणसांच्या कामी येते. डोंगराळ मुलुखात अशी वाट नव्यानं करायला आज कुठलंही सरकार पैसा देणार नाही. ती आधीच केलेली आहे. ती फक्त राखायची आहे.

राखायची म्हणजे आधी माणसांशी बोलायचं. माझ्या कामातले निम्मे तास शेतघरांच्या स्वयंपाकघरांत चहा पीत गेले. एका दरीतला मेंढपाळ मला चांगला आठवतो. त्याच्या वडिलांनी रेल्वेकडून पट्टीचा तुकडा विकत घेतला होता. हिवाळ्यात मेंढ्या कटिंगच्या आडोशाला बसत, भरावावर ट्रॅक्टर ये-जा करी. त्यानं मला सरळ विचारलं, "वाट झाली की लोक कुत्री घेऊन येणार. विण्याच्या दिवसांत एखाद्या कुत्र्यानं मेंढी फाडली तर तुम्ही उत्तर द्यायला याल का? आणि फाटक उघडं टाकून गेले तर मी कुणाच्या मागे धावू?" दोन्ही प्रश्न रास्त होते. जमीन त्याची होती, नुकसानही त्याचंच होणार होतं. अशा माणसाला निसर्गप्रेमावर भाषण देऊन काही साधत नाही.

आम्ही त्याच्याबरोबर सगळी पट्टी चाललो. भरावाखालून रेल्वेच्या काळात गुरांसाठी ठेवलेला एक बुटका दगडी बोगदा होता, मातीनं बुजलेला. तो आम्ही मोकळा करून द्यायचं ठरवलं, म्हणजे त्याच्या मेंढ्या वाट न ओलांडता या शेतातून त्या शेतात जातील. दोन्ही बाजूंना कुंपण घालायचं, आपोआप मिटणारी फाटकं बसवायची, ट्रॅक्टरला ओलांडायला पक्की जागा ठेवायची. जमीन विकत न घेता दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं घ्यायची. हे सगळं कागदावर उतरायला खूप काळ गेला, कारण प्रत्येक अटीमागे त्याचा एखादा जुना अनुभव होता आणि तो ऐकून घ्यावा लागत होता. शेवटी त्यानं सही केली. त्याच्या पुढच्या तुकड्याच्या मालकानं केली नसती, तर आमची वाट दोन निरुपयोगी तुकड्यांत संपली असती. शंभरातले नव्याण्णव मालक हो म्हणाले आणि एक नाही म्हणाला, तरी लाइन तुटते. या कामात चिकाटी लागते, ती त्या एकासाठी.

मग येतात पूल. दगडी कमानी बहुधा उभ्या असतात. लोखंडी पुलांचे गर्डर मात्र भंगाराच्या भावासाठी केव्हाच उतरवलेले असतात आणि नदीच्या दोन्ही काठांवर नुसते दगडी पाये एकमेकांकडे बघत उभे असतात. कमानीची तपासणी हातोडीनं करायची. दगडावर ठोका मारला की भरीव आवाज येतो की पोकळ, यावरून आतला थर सुटला आहे का ते कळतं. मग दगडांमधल्या दर्जा पाहायच्या. मधल्या काळात कुणी त्या सिमेंटनं भरल्या असतील तर बहुधा दगडाचे पापुद्रे निघालेले दिसतात, कारण सिमेंट ओल धरून ठेवतं. चुन्यातलं काम चुन्यानंच दुरुस्त करावं लागतं. चुना श्वास घेतो, जरासा हलतो आणि दगडाला जगू देतो. हे काम येणारे गवंडी आता फार थोडे राहिलेत. ते एखाद्या जुन्या पुलावर काम करत असतात तेव्हा मी शक्य तितका वेळ त्यांच्याजवळ थांबते.

जुन्या लाइनींवर माणसांचा वावर थांबला तेव्हा इतरांनी तिथं घरं केली. बोगद्यांत आणि कमानींच्या फटींत वटवाघळं राहतात. भरावाची माती कोरडी आणि भुसभुशीत, म्हणून बॅजर तिथं बिळं करतात. दोघांनाही इथं कायद्यानं संरक्षण आहे. त्यामुळे कामाचे महिने त्यांच्या विणीच्या आणि झोपेच्या हंगामावर ठरतात. मला यात कधी अडचण वाटली नाही. पट्टी सलग राहिली म्हणून जसा माणसांचा रस्ता टिकला, तसाच त्यांचाही टिकला. दोन्ही बाजूंना नांगरलेली शेतं असताना रानफुलं, फुलपाखरं आणि हेजहॉग या चिंचोळ्या रानातूनच इकडून तिकडे जातात.

वाटेच्या पृष्ठभागावरून जितके वाद होतात तितके पुलांवरूनही होत नाहीत. चाकाच्या खुर्चीला आणि बाबागाडीला गुळगुळीत, कठीण पृष्ठभाग हवा. रोज कामावर जाणाऱ्या सायकलस्वाराला डांबर हवं, म्हणजे पावसात चिखल उडत नाही. घोड्याला डांबर नको. नाल सरकते, पाय दुखावतात. इथं ब्रायडलवे म्हणजे घोडेवाटांवर १९६८ च्या कायद्यापासून सायकलींनाही जाता येतं, त्यामुळे या सगळ्यांना एकाच वाटेवर सांभाळून घ्यावं लागतं. दाबून बसवलेला चुनखडीचा बारीक चुरा हा मधला मार्ग पुष्कळ ठिकाणी चालतो. रुंदी असेल तिथं डांबराशेजारी गवताची पट्टी मोकळी सोडायची. पुलाचे कठडेही पाहावे लागतात, कारण पायी माणसाला पुरणारा कठडा घोड्यावर बसलेल्याला फारच बुटका पडतो. सगळ्यांच्या मनासारखं होत नाही. पण सभेत प्रत्येकाला एकदा दुसऱ्याच्या चाकावर किंवा खोगिरावर बसवून विचार करायला लावला, की आवाज खाली येतात.

बोगद्यांचं महत्त्व मला मॉन्सल ट्रेलवर कळलं. मँचेस्टर आणि डर्बी यांना जोडणारा हा मिडलंड रेल्वेचा मार्ग वाय नदीच्या दरीतून जात होता. तो १९६८ मध्ये बंद झाला आणि १९८० मध्ये पीक डिस्ट्रिक्ट नॅशनल पार्कच्या ताब्यात आला. त्यावर वाट झाली, पण साडेतीनशे ते पाचशे मीटर लांबीचे चार बोगदे सुरक्षिततेसाठी बंदच ठेवले होते. त्यामुळे प्रत्येक बोगद्यापाशी सपाट वाट सोडून अरुंद पायवाटेनं वर चढायचं आणि पलीकडे उतरायचं. धडधाकट माणूस जाई. सायकल, खुर्ची, बाबागाडी तिथंच अडत. २०११ च्या मे महिन्यात दुरुस्त केलेले, दिवे लावलेले बोगदे उघडले आणि साडेआठ मैलांची वाट खऱ्या अर्थानं एक झाली. त्यानंतर मी तिथं गेले तेव्हा हेडस्टोन बोगद्यातून बाहेर पडून दरीवरच्या पुलावर आलेली माणसं पाहिली. पूर्वी या मार्गावर जी तोंडं कधी दिसत नव्हती ती आता दिसत होती. हा पूल बांधला तेव्हा दरीचं सौंदर्य नासलं म्हणून लेखक जॉन रस्किन संतापले होते. शंभर वर्षांनी, १९७० मध्ये, तोच पूल वारसा म्हणून संरक्षित झाला.

उलट उदाहरणही सांगते. कंब्रिया परगण्यातल्या ग्रेट मस्ग्रेव्ह गावाजवळ १८६२ चा एक दगडी पूल होता. २०२१ मध्ये त्याची कमान शेकडो टन खडी आणि काँक्रीट ओतून बुजवली गेली. पूल धोक्याचा आहे, असं कारण दिलं. पण त्याच कमानीखालून पुढेमागे दोन वारसा रेल्वे जोडायच्या असं स्थानिक माणसांचं स्वप्न होतं. लोक उठले, स्थानिक परिषदेनं परवानगी नाकारली आणि २०२३ मध्ये ते सगळं काँक्रीट पुन्हा काढावं लागलं. मैलोगणती लाइन तोडायला एक पूल पुरतो, हे त्या घटनेनं देशाला दाखवलं.

या सगळ्या वाटांमध्ये माझ्या मनाच्या सर्वांत जवळची आहे ती स्टॅफर्डशरमधली मॅनिफोल्ड वे. नोकरीला लागल्यावर सुरुवातीलाच तिथं गेले होते. चुनखडीच्या उंच कड्यांमधून मॅनिफोल्ड नदी जाते आणि उन्हाळ्यात मधेच खडकात गडप होऊन कोरडं पात्र मागे ठेवते. तिच्या काठानं जाणारी वाट म्हणजे पूर्वीची लीक अँड मॅनिफोल्ड लाइट रेल्वे. माहितीच्या फलकावर इंजिनिअरचं नाव वाचलं, एव्हरार्ड कॅलथ्रॉप, आणि मी जागच्या जागी थांबले. बार्शी लाइट रेल्वे बांधणारे तेच हे कॅलथ्रॉप!

आमच्याकडे १८९७ मध्ये बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची ती गाडी सुरू झाली. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. अडीच फुटी रुळांवरही भरपूर माल नेता येतो, फक्त प्रत्येक आसावरचा भार हलका आणि सारखा ठेवायचा, हे कॅलथ्रॉप यांनी बार्शीच्या लाइनीवर सिद्ध केलं. तोच अनुभव घेऊन त्यांनी १९०४ मध्ये मॅनिफोल्डच्या दरीत तेवढ्याच रुंदीची लाइन उभी केली. लीड्सच्या किट्सन कारखान्यातच तिचीही इंजिनं बनली आणि त्यांच्या घडणीत बार्शीच्या इंजिनांचा अनुभव उतरला. सोलापूर जिल्ह्यात शिकलेली विद्या इंग्लंडच्या खेड्यात गेली होती.

पण तिथं वस्ती विरळ होती. गाडी मुख्यतः दुधावर चाले. दूध रस्त्यानं जाऊ लागलं आणि १९३४ मध्ये लाइन बंद झाली. त्यानंतर मात्र जे झालं ते त्या काळात फारसं कुठंच घडत नव्हतं. रेल्वे कंपनीनं सगळी पट्टी एकसंध परगणा परिषदेकडे सोपवली आणि १९३७ मध्ये तिथं वाट खुली झाली. बीचिंग यांच्या अहवालाच्या आधी पंचवीसहून अधिक वर्षं. पुढे सगळ्या देशाला जे उशिरा सुचलं, ते या चिमुकल्या लाइनीवर आधीच घडून गेलं होतं, कारण जमीन फुटण्यापूर्वीच ती एका हातातून दुसऱ्या हातात गेली.

बार्शीहून काका आले होते, तेव्हा त्यांना मी मुद्दाम तिथं नेलं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचं चालणं कमी झालं होतं. लहानपणी आषाढीला आजीबरोबर त्या गाडीनं पंढरपूरला गेल्याच्या गोष्टी ते आम्हाला नेहमी सांगायचे. पहिल्या फलकावर त्यांना कॅलथ्रॉप यांची हकिकत वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, काठी टेकत चालू लागले. बरंच अंतर गेल्यावर मी म्हटलं, "काका, दमला असाल तर बसूया." ते म्हणाले, "अगं, चढ लागतच नाही. आपल्या गाडीला तरी कुठं लागायचा?" मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "आपल्याकडची जुनी लाइन ब्रॉडगेज करताना जिथं जिथं बाजूला सरकली, त्या भरावाचं पुढं काय ठरलं गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो प्रश्न मी तेव्हापासून बरोबर घेऊन फिरते आहे.

तो विचारताना मला एका गोष्टीचं भान ठेवावं लागतं. रेल्वे बंद पडणं हे गावासाठी दुःख असतं आणि त्यावर वाट केली म्हणजे ते दुःख फिटलं असं कुणी समजू नये. विदर्भात शकुंतला या बंद पडलेल्या रेल्वेच्या काठची माणसं मूर्तिजापूर, यवतमाळ, अचलपूरसाठी गाडी परत मागताहेत. त्यांना सायकलची वाट देऊ करणं हा त्यांच्या मागणीचा अपमान होईल. इथं मॉन्सलच्या दरीतही रेल्वे परत यावी म्हणणारे लोक आहेत. वाट करणारी असूनही मला ते परके वाटत नाहीत, कारण त्यांना आणि मला एकच गोष्ट वाचवायची आहे. अमेरिकेत १९८३ मध्ये कायद्यातच तशी सोय झाली. बंद लाइनीवर वाट करायची, पण पट्टी भविष्यातल्या रेल्वेसाठी राखीव समजायची. स्कॉटलंडमध्ये १९६९ साली बंद झालेल्या वेव्हर्ली मार्गाचा एडिंबरोपासून ट्वीडबँकपर्यंतचा भाग २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. दरम्यान शहराच्या बाह्यवळण रस्त्यानं जुनी लाइन कापली होती, तिथं रस्त्याखालून गाडीला नव्यानं जागा करून द्यावी लागली.

वाटा करण्याचं काम आपल्याला परकं नाही. वारीच्या वाटा शेकडो वर्षं माणसांनी पायांनी राखल्या आहेत. लोकही हातभार लावायला पुढं येतात. इंग्लंडमधली ब्रिस्टल ते बाथ ही १३ मैलांची प्रसिद्ध वाट १९७७ मध्ये स्थापन झालेल्या सायकलप्रेमींच्या एका गटानं सुरू केली. १९७९ मध्ये स्वयंसेवकांनी फावडी-घमेली घेऊन पहिला तुकडा बांधला आणि १९८६ पर्यंत सगळी वाट पूर्ण झाली. त्याच गटातून पुढं सस्ट्रान्स ही संस्था उभी राहिली आणि देशभर सायकलमार्गांचं जाळं विणलं गेलं. महाराष्ट्रात तर एक मोठी सोय आहे. बहुतेक ठिकाणी रेल्वेची जमीन सरकारी रेल्वेचीच असते. इथं इंग्लंडमध्ये आम्हाला शेकडो दारं ठोठावावी लागतात, तिथं एकच दार आहे.

म्हणून जिथं लाइन सरकली किंवा थांबली आहे, तिथल्या लोकांनी आणि अधिकाऱ्यांनी क्रम धरून काम करावं असं मला कळकळीनं वाटतं. आधी मोजणी करून पट्टीच्या दोन्ही हद्दी खांबांनी कायम कराव्यात, म्हणजे शेजारचे बांध आत सरकणार नाहीत. मग मोऱ्या साफ कराव्यात, कारण एका पावसाळ्यात गेलेला भराव परत आणायला वर्षं जातात. पुलांचे गर्डर लिलावात काढू नयेत. पट्टी कुणाला तुकड्यानं देऊ नये. गाडी परत यायची असेल तर तिच्यासाठी जागा तयार राहील. ती येईपर्यंत शाळेची मुलं सायकलवरून तिथून जाऊ देत, म्हातारी माणसं फिरू देत, गुराखी गुरं घेऊन सावलीनं चालू देत. माणसं रोज वापरतात ती जमीन सहसा कुणी गिळत नाही. इतक्या वर्षांच्या कामात पट्टी राखण्याचा याहून स्वस्त आणि याहून खात्रीचा उपाय मला दिसलेला नाही.